थोड्या फेऱ्यांचे सारथी



आठशे मीटर म्हणजे काही फार मोठे अंतर नव्हे. रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी उतरून जयस्तंभाकडे पायी निघालात आणि आठशे मीटर चाललात, तरी जयस्तंभ पुढेच राहील. शाळेतली चपळ पोरे एवढे अंतर तीन-चार मिनिटांत पळून दाखवतात. पण मार्को अपिचेला नावाच्या एका इटालियन माणसाची जगातल्या सर्वांत मोठ्या मोटारशर्यतींतली सारी कारकीर्द जवळजवळ एवढ्याच अंतरात आटोपली. १२ सप्टेंबर १९९३ रोजी इटलीत मॉन्झा येथे तो पहिल्यांदा या शर्यतीला उभा राहिला. निशाण झाले, गाड्या सुटल्या, पहिल्याच वळणापाशी गर्दी झाली आणि त्या रेटारेटीत त्याची गाडी मोडली. सुटल्यापासून सुमारे आठशे मीटर. पुढच्या शर्यतीला त्याच्या जागी दुसराच माणूस बसलेला होता, आणि अपिचेला त्या दर्जाच्या शर्यतीत पुन्हा कधी दिसला नाही.

मोटारशर्यतींचे शौकीन अशा नावांच्या याद्या करतात आणि गंमत म्हणून एकमेकांना सांगतात. कोण एका फेरीत परतला, कोणाची गाडी सुटलीच नाही, कोण इतका हळू चालला की पंचांनी त्याला बाहेर काढले. हसू येते, त्यात वावगे नाही. पण मला विचाराल तर या याद्यांत एक गोष्ट लिहायची राहून जाते. हा गडी बसला ती जागा त्याला मिळाली कशी, आणि उठल्यावर ती कोणाला मिळाली? हे दोन प्रश्न विचारले की थोड्या फेऱ्यांच्या पुष्कळशा कारकिर्दींचा उलगडा होतो. आज आपण त्याच वाटेने जाऊ. वाटेत दोन भारतीय भेटतील, एक मुंबईकरही भेटेल.

आधी हा खेळ काय आहे ते थोडक्यात पाहू. फॉर्म्युला म्हणजे इथे नियमांचा संच. गाडीचे वजन किती, इंजिन केवढे, चाके कशी, हे सारे त्या नियमांत ठरलेले असते, आणि त्यांतल्या सर्वांत वरच्या वर्गाला म्हणतात फॉर्म्युला वन. या वर्गाची जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे झाली. आज एक शर्यत साधारण तीनशे पाच किलोमीटरची असते. आपल्याकडचे माप लावायचे तर रत्नागिरीहून निघून जवळपास पनवेल गाठण्याएवढी. एवढे अंतर हे लोक दीड-पावणेदोन तासांत कापतात. आपली एसटी रात्री निघून उजाडता पोहोचते, तेव्हा तुलना न केलेलीच बरी. अर्थात् एसटीच्या ड्रायव्हरला वाटेत घाट असतात आणि माणसे चढता-उतरताना थांबावे लागते, हेही खरे.

बसल्या जागी चाक फिरवायचे, त्यात मेहनत ती कसली, असे कोणाला वाटेल. गुरुजींनी वर्गात एक हिशेब मांडून पाहावा. माणसाचे डोके आणि त्यावरचे शिरस्त्राण मिळून सहा-सात किलो धरा. वेगात वळण घेताना गाडीतल्या माणसाला त्याच्या वजनाच्या चार-पाचपट जोर बाजूला ओढत असतो. म्हणजे मानेवर तीस-पस्तीस किलोचा ओढा झाला, आणि तोही आडवा. डोक्यावर हंडा तोलणे निराळे, आणि कोणीतरी हंडा कानाला बांधून ओढतो आहे असे समजून दीड तास मान ताठ ठेवणे निराळे. उष्ण देशात शर्यत असली म्हणजे घामावाटे दोन-तीन किलो वजन उतरते. तेव्हा जो माणूस तिथवर पोहोचला तो कच्चा नव्हे, एवढे पहिल्याने धरून चालावे.

आता जागांचा प्रश्न. आपल्या संगमेश्वर-चिपळूणकडे पावसाळ्यात चिखल नांगरणीच्या स्पर्धा होतात. तिथे ज्याच्या दावणीला चांगली बैलजोडी आहे तो प्रवेश भरतो, आपला नांगर धरतो आणि चिखलात उतरतो. जोडी त्याची, घड्याळ पंचांचे. फॉर्म्युला वनमध्ये तसे नाही. तिथे गाडी संघाची असते, आणि संघ मोजके. २०२५ सालापर्यंत कित्येक वर्षे दहा संघ आणि प्रत्येकाच्या दोन गाड्या, म्हणजे सबंध जगात वीस जागा. २०२६ च्या हंगामापासून अकरा संघ आणि बावीस जागा झाल्या. जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेतल्या एका वर्गातही याहून जास्त मुले बसतात! १९५० पासून साडेसातशेहून अधिक माणसे या शर्यतींत सुटली. त्यांतल्या पुष्कळांच्या वाट्याला एक-दोनच शर्यती आल्या. वरच्या संघांतल्या जागा वर्षानुवर्षे त्याच माणसांकडे राहतात. नवख्याला मिळते ती तळच्या संघातली खुर्ची, आणि तळच्या संघाला पैशांची चणचण कायमची. म्हणून तो संघ चालक निवडताना हात पाहतो आणि खिसाही पाहतो. खिसा म्हणजे त्याच्या घरचा नव्हे, त्याच्या पाठीशी असलेल्या पुरस्कर्त्या कंपन्यांचा. दुसरा कोणी जास्त पुरस्कर्ते घेऊन आला की पहिल्याला मध्येच उठावे लागते.

हे समजण्यासाठी सिल्व्हरस्टोनजवळचे एकच घर घेऊ. आयर्लंडच्या एडी जॉर्डन याने तिथे आपला संघ उभा केला आणि १९९१ साली तो फॉर्म्युला वनमध्ये उतरवला. अपिचेलाने ते आठशे मीटर याच जॉर्डन संघाच्या गाडीतून केले. त्या १९९३ च्या हंगामात या संघाची एक गाडी ब्राझीलच्या रुबेन्स बारिकेलोकडे होती. दुसऱ्या गाडीत वर्षभरात एकामागून एक पाच जण बसून उठले. अपिचेला त्यांतला तिसरा. आता सांगा, ती खुर्ची होती की वाटसरूंचा बाक?

याच घरात बारा वर्षांनी आपला माणूस आला. कोईमतूरचा नारायण कार्तिकेयन. ६ मार्च २००५ रोजी मेलबर्नला तो जॉर्डनच्या गाडीतून सुटला आणि फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. वडील रॅलीचे नामांकित चालक, त्यामुळे मोटारीचा वास घरातच होता. गाडीवर टाटांचे नाव होते. तुम्ही म्हणाल, म्हणजे हाही पैशावरच आला. तर तसे नव्हे. इंग्लंडात फॉर्म्युला थ्रीच्या शर्यती जिंकून, जपानात, युरोपात झगडून तो आला होता. पण नुसत्या त्या विजयांवर दार उघडले असते असेही मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी लागतात. गुण आहे आणि पुरस्कर्ता नाही, अशी माणसे दाराबाहेरच राहतात, आणि त्यांची नावे तर कुठल्याच यादीत येत नाहीत.

त्या वर्षी १९ जूनला अमेरिकेत इंडियानापोलिसला जे घडले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. त्या वेळी काही संघ मिशेलिन कंपनीचे टायर वापरत, तर काही ब्रिजस्टोनचे. इंडियानापोलिसच्या शेवटच्या वळणाला रस्ता एका अंगाला उतरता बांधलेला आहे, म्हणजे आपल्या घाटातल्या वळणाला देतात तसा उतार, पण तिथे गाड्या पूर्ण वेगात असतात. त्या वळणाचा भार मिशेलिनच्या टायरांना सोसेना. शुक्रवारच्या सरावात एक टायर फाटून गाडी भिंतीवर गेली. वळण थोडे सावकाश करावे, टायर बदलू द्यावे, अशा वाटाघाटी रविवारपर्यंत चालल्या आणि फिसकटल्या. शर्यतीआधी सगळ्या वीस गाड्यांनी एक संथ फेरी मारली. आणि मग सुटण्याच्या जागी येण्याऐवजी मिशेलिनच्या चौदा गाड्या सरळ आपापल्या गॅरेजात शिरल्या. उरल्या सहा. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. सहा गाड्यांची शर्यत झाली. मायकेल शूमाकर पहिला, बारिकेलो दुसरा (तो आता फेरारीत होता), जॉर्डनचा टियागो मोंतेरो तिसरा, आणि नारायण चौथा. चौथ्या क्रमांकाला तेव्हा पाच गुण मिळत. ते पाच गुण हे फॉर्म्युला वनमधले कोणाही भारतीयाचे पहिले गुण, आणि २०२५ च्या हंगामाअखेरपर्यंत तेवढेच.

चौदा जण पळाले म्हणून याला गुण मिळाले, असे नंतर पुष्कळांनी म्हटले. मला हे बोलणे पटत नाही. चौदा जण निघून गेले हा नारायणचा गुण नव्हे, तसा दोषही नव्हे. सहाही गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या, त्यांत दोघांना त्याने मागे टाकले. आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. शेजारच्या गावात करपा आला आणि आपले भात वाचले, तर बाजारात आपल्या भाताला कोणी कमी तोलत नाही.

असाच एक विचित्र हिशेब त्याच्याही तीस वर्षे आधी झाला होता. लेला लोम्बार्डी ही इटलीतली खाटकाच्या घरातली मुलगी. घरच्या दुकानाचा माल पोहोचवण्याची गाडी हाकता हाकता ती चालवायला शिकली आणि शेवटी फॉर्म्युला वनपर्यंत आली. २७ एप्रिल १९७५ ला बार्सिलोनात माँजुइक टेकडीवरच्या रस्त्यांवर शर्यत होती. कडेचे कठडे नीट आवळलेले नाहीत म्हणून चालकांनी आधीच हरकत घेतली होती. शर्यतीत आघाडीवरच्या एका गाडीचा मागचा पंखा तुटला, गाडी कठड्यापलीकडे गेली आणि तिथे उभी असलेली काही माणसे दगावली. पंचाहत्तर फेऱ्यांची शर्यत एकोणतिसाव्या फेरीला थांबवली. लोम्बार्डी तेव्हा सहावी होती. सहाव्याला एक गुण. पण शर्यत निम्मीही न झाल्यामुळे गुण निम्मेच द्यायचे ठरले. तिच्या नावावर अर्धा गुण लागला. फॉर्म्युला वनच्या अजिंक्यपदात गुण मिळवणारी ती आजवरची एकमेव स्त्री आहे. तो अर्धा गुण आनंदाने साजरा करावा असा दिवस तो नव्हता. पण वहीत तो आहे आणि तिचा आहे.

आता पुन्हा सिल्व्हरस्टोनच्या घराकडे येऊ. जॉर्डनने संघ विकला. पाटी बदलून मिडलँड झाली, नंतर २००७ मध्ये डच मालकांची स्पायकर आली. नारायण २००५ च्या अखेरीला बाहेर पडला होता. जुलै २००७ मध्ये स्पायकरने आपला एक चालक काढला आणि एका शर्यतीपुरता मार्कुस विंकेलहॉक या जर्मन तरुणाला बसवले. त्याचे वडील मान्फ्रेड हेही फॉर्म्युला वनचे चालक. १९८५ साली कॅनडात एका शर्यतीत अपघात होऊन ते गेले, तेव्हा मार्कुस पाच वर्षांचा होता.

२२ जुलै २००७, जर्मनीत न्युर्बुर्गरिंग. म्हणजे आपल्याकडे ऐन आषाढ-श्रावणाचे दिवस. तिथे पावसाचा तसा नेम नसतो, पण त्या दिवशी आभाळ भरून आले होते. विंकेलहॉक सगळ्यांत शेवटचा. पावसात चालण्याचे टायर निराळे असतात, त्यांना पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल चिरा असतात. कोरड्या रस्त्यावर ते लवकर झिजतात, म्हणून पाऊस पडेपर्यंत ते कोणी लावत नाही. स्पायकरच्या मंडळींनी ठरवले की नाहीतरी आपण शेवटचेच, गमावण्यासारखे काय आहे? सुटण्याआधीच गाडी आत घेऊन त्यांनी तिला पावसाळी टायर चढवले. शर्यत सुटली आणि पहिल्याच फेरीत अशी सर कोसळली की मोठमोठ्या संघांच्या गाड्या घसरून वाळूत गेल्या, उरलेल्या टायर बदलायला आत धावल्या. हा एकटा पाण्यातून सरळ पुढे. पहिल्या नंबरावर, आणि दुसऱ्याच्या अर्ध्या मिनिटाहूनही पुढे! नंतर पाऊस फार वाढला म्हणून शर्यत थांबवून पुन्हा सोडली, तेव्हा शेवटी सुटलेला हा माणूस सर्वांच्या पुढे उभा होता. कोकणातल्या कोणाही नांगऱ्याला किंवा खलाशाला ही अक्कल नवी वाटणार नाही. आभाळ वाचून आदल्या रात्री तयारी करणाऱ्यालाच आपल्याकडे जाणता म्हणतात. कोरड्या होत चाललेल्या रस्त्यावर मात्र स्पायकरची गाडी मागे पडू लागली आणि तेराव्या फेरीच्या सुमारास यंत्रात बिघाड होऊन बंद पडली.

पुढच्या शर्यतीला त्याच्या जागी कोण? साकोन यामामोतो नावाचा जपानी चालक. हे नाव ध्यानात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. यामामोतोच्या पाठीशी पुरस्कर्ते आहेत, असे त्या वेळी उघड बोलले जाई. विंकेलहॉकला फॉर्म्युला वनची दुसरी शर्यत मिळाली नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी विजय मल्ल्या यांनी भागीदारासह स्पायकर विकत घेतला आणि २००८ पासून घराला पाटी लागली फोर्स इंडिया. आपल्याकडे केवढा आनंद झाला! गाडीवर तिरंग्याचे रंग, नावात देश. पण २०१८ च्या मध्यावर तो संघ कर्जात बुडून हात बदलेपर्यंत त्याच्या गाडीतून एकही भारतीय चालक शर्यतीला उतरला नाही. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. संघाला वरचे स्थान मिळवायचे होते, त्यासाठी त्याने मुरलेले हात घेतले. तो हिशेब धंद्याचा होता, आणि धंद्याच्या दृष्टीने बरोबरही ठरला. हळूहळू तो संघ चौथ्या स्थानापर्यंत चढला. पण संघाच्या नावावरून मुलांची जी समजूत झाली, ती मात्र तशीच राहिली.

मग दुसरा भारतीय आला तो कुठून? करुण चंढोक मद्रासचा, म्हणजे आजच्या चेन्नईचा. आजोबा आणि वडील, दोघेही मोटारशर्यतींतले. आता कोणी विचारील की दोघेही तामिळनाडूचेच कसे. त्याचे एक साधे कारण आहे. पूर्वी आपल्या देशात मोटारशर्यती विमानांच्या धावपट्ट्यांवर होत: मुंबईला जुहूत, कलकत्त्याजवळ बराकपूरला, मद्रासजवळ शोलावरमला. पुढे विमानांना धावपट्ट्या लागू लागल्या, शहरे वाढली, आणि मुंबई-कलकत्त्याच्या शर्यती बंद पडल्या. मद्रासच्या मंडळींनी मात्र १९९० च्या सुमारास श्रीपेरुम्बुदूरजवळ आपला स्वतःचा कायमचा ट्रॅक बांधला. जिथे विहीर तिथे पोहणारे.

चंढोकला २०१० साली जागा मिळाली ती हिस्पानिया नावाच्या नव्या स्पॅनिश संघात. हा संघ इतका ओढगस्तीचा होता की हंगाम तोंडावर आला असताना त्याचे मालक बदलले. पहिली शर्यत १४ मार्चला बाहरीनमध्ये. त्याआधी दोन दिवस सराव असतो. चंढोकची गाडी तेव्हा गॅरेजमध्ये अजून जोडली जात होती. मेकॅनिक लोकांनी रात्री जागवल्या. शनिवारी क्रम ठरवण्याच्या चाचणीला तो गाडीत बसून बाहेर पडला, ती त्या गाडीची त्याच्या हातची पहिलीच फेरी. एवढेही करून दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या दुसऱ्या फेरीत खड्डेवजा उंचवट्यावर गाडी उसळली आणि भिंतीला लागली. वहीत नोंद काय? एक फेरी. यादी करणाऱ्याने ही एक फेरी लिहावी, पण शेजारी न झालेल्या सरावाचाही रकाना ठेवावा.

दोन आठवड्यांनी मेलबर्नला तोच माणूस, तीच गाडी, आणि चंढोक चौदावा आला. शर्यत पुरी करण्याची त्या संघाची ती पहिलीच वेळ. मोनॅकोत शर्यत संपत आली असता यार्नो त्रुलीची गाडी चक्क त्याच्या गाडीवर चढली, डोक्यावरून गेली. चंढोकला सुदैवाने काही झाले नाही. (नारायणच्याही वाट्याला २०१२ मध्ये अबू धाबीला हेच आले. त्याची गाडी बिघडून मंदावली आणि मागून येणारा निको रोझबर्ग त्याच्यावरून उडाला. दोघेही सुखरूप. भारतीय गाडीत आहे म्हणून तिच्यावरून जावे असा काही नियम नाही, पण योगायोग विलक्षण खरा.) दहा शर्यती झाल्या आणि चंढोकला उठवले. त्याच्या जागी आला साकोन यामामोतो.

आता गुरुजींसाठी शेकडेवारीचे एक उदाहरण. नियम असा, की क्रम ठरवण्याच्या चाचणीत पहिल्या टप्प्यातल्या सर्वांत वेगवान चालकाला जेवढा वेळ लागला, त्याच्या एकशे सात टक्क्यांच्या आत जो फेरी पुरी करील तोच शर्यतीला पात्र. समजा पहिल्याने ८० सेकंद घेतले. ८० चे सात टक्के ५.६, म्हणजे ८५.६ सेकंदांच्या आत आले पाहिजे. एका श्वासाएवढा फरक. पण त्या पाच सेकंदांत इंजिनाचे पैसे, टायरांचे पैसे, सरावाचे दिवस, सगळे मावलेले असते. २०११ मध्ये नारायण सहा वर्षांनी परत आला तो याच हिस्पानिया संघात. त्यांची नवी गाडी मेलबर्नला पोहोचेपर्यंत एकदाही चाचणीत धावली नव्हती. संघाचे दोन्ही चालक एकशे सात टक्क्यांच्या बाहेर राहिले. दोघांनाही शर्यत नाही. २०१२ मध्ये पुन्हा मेलबर्न, आणि पुन्हा दोघेही बाहेर. एक चालक चुकला तर हाताचा दोष म्हणू. दोन्ही वर्षे दोन्ही चालक अडकले, तर दोष कुठे शोधायचा हे मुलेही सांगतील.

ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा ही शर्यत झाली. नारायणला हिस्पानियाने त्या हंगामात मध्येच उठवून डॅनियल रिकार्डोला बसवले होते. मायदेशच्या शर्यतीसाठी त्याला परत गाडी दिली. ३० ऑक्टोबरला तो सतरावा आला. गुण पहिल्या दहांनाच, तेव्हा हाती काही लागले नाही; पण घरच्या अंगणात शर्यत पुरी केली. चंढोकचे मात्र वेगळे झाले. तो तेव्हा लोटस संघाचा राखीव चालक होता. जुलैत जर्मनीत त्याला एक शर्यत मिळाली होती, ती त्याची अकरावी आणि शेवटची. नोएडात त्याला शुक्रवारच्या पहिल्या सरावापुरती गाडी मिळाली. रविवारी गाडी दुसऱ्याची. सगळा देश पाहत असलेल्या शर्यतीत तो कडेला उभा होता. शर्यतीच्या निकालपत्रात ही गोष्ट सापडत नाही.

ती शर्यत २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. ही शर्यत म्हणजे खेळ की करमणूक, कर कोणता आणि किती, या वादात ती बंद पडली. हिस्पानिया संघ २०१२ च्या अखेरीला एकही गुण न मिळवता मोडला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ब्राझीलमध्ये नारायणची सेहेचाळिसावी शर्यत झाली. त्यानंतर २०२५ च्या हंगामाअखेरपर्यंत कोणीही भारतीय फॉर्म्युला वनच्या शर्यतीत सुटलेला नाही.

मुंबईकर राहिला. जेहान दारुवाला, मुंबईच्या पारशी घरातला, जन्म १९९८ चा. फोर्स इंडियाने २०११ साली देशभर लहान मुलांची पारख केली होती, तीत निवडलेल्यांपैकी हा एक. म्हणजे त्या घराने भारतीयाला शर्यतीची खुर्ची दिली नाही, पण एका पोराला वाट दाखवली, हेही त्याच्या खाती मांडले पाहिजे. ६ डिसेंबर २०२० ला बाहरीनमध्ये दारुवालाने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. या वर्गात जिंकलेला तो पहिला भारतीय. फॉर्म्युला टू म्हणजे वरच्या पायरीला लागून असलेली पायरी. पुढे फॉर्म्युला वनच्या गाडीत चाचणीपुरते बसायला मिळाले, जागा मिळाली नाही. मग तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई या शर्यतींकडे वळला. त्यांनाही जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा आहे, आणि मुंबईच्या महिंद्र कंपनीचा संघ त्यांत २०१४ च्या पहिल्या हंगामापासून आहे. त्या हंगामात त्या संघाचा एक चालक होता आपला करुण चंढोकच. दारुवाला आधी महिंद्रचा राखीव चालक झाला आणि २०२४ चा हंगाम मासेराती संघाकडून पुरा खेळला. एक हंगाम. पुढच्या वर्षी त्या संघाने दोन्ही चालक बदलले.

आपल्या भागातल्या मुलांना हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण आंबा घाट चढून कोल्हापूरला गेले की मोहिते मंडळींचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. कार्ट म्हणजे लहान उघडी गाडी, जमिनीला टेकलेली, चाकांना धक्के झेलणारी स्प्रिंग नाही. नारायण, चंढोकनंतरच्या पिढीतले जवळजवळ सगळे चालक आठ-दहा वर्षांचे असताना या असल्या गाड्यांतच शिकले. फॉर्म्युला वनच्या परवान्यासाठी आता साधारणपणे वय अठरा पुरे लागते, आणि खालच्या वर्गांतल्या निकालांवर तीन वर्षांत चाळीस गुण जमवावे लागतात. एवढे करून परवाना मिळतो. खुर्ची मिळतेच असे नाही.

मॉन्झाच्या त्या अपिचेलाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. तो जपानला परतला, तिथल्या शर्यतींत तो आधीपासून होताच. १९९४ साली, म्हणजे आठशे मीटरच्या दुसऱ्याच वर्षी, तो जपानच्या फॉर्म्युला तीन हजारचा अजिंक्य ठरला. त्याच शर्यतींचे नाव आता सुपर फॉर्म्युला असे आहे. नारायण कार्तिकेयन २०१४ ते २०१८ अशी पाच वर्षे त्यांत धावला. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याच्या ट्रॅकवर जपानी आणि जर्मन गाड्यांची एकत्र शर्यत झाली, तेव्हा दुसऱ्या दिवशीची शर्यत त्याने जिंकली. तो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.